अक्षरी: त्रेसष्ट फक्त

2019च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून महाराष्ट्रात रण पेटलं, तेव्हा मी इथे जर्मनीत, श्टुटगार्टमध्ये बसून हिरिरीने भांडत होते. पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’, ‘त्रेसष्ट’बरोबर ‘साठ तीन’ असंही वाचन दिलं होतं. विधानसभेत मुख्यमंत्र्यांच्या आडनावाची ‘फडण दोन शून्य’ अशी फोड झाली. नातेवाइकांच्या ग्रुपवर मीही लिहिलं, की हा भाषेचा गळा घोटणं आहे. आज मी तसं लिहिणार नाही.

तेव्हा रांगणारी माझी लेक आता इथल्या दुसरीत आहे. जर्मनमध्ये त्रेसष्टला ‘द्राय-उन्ट-झेख्त्सिश’ म्हणतात, म्हणजे ‘तीन आणि साठ’. बाई आकडे सांगतात, मुलं ऐकतात तसं लिहीत जातात आणि 63 चे 36 होतात. म्हणून तिला पक्कं सांगितलंय: पूर्ण ऐकल्याशिवाय पेन्सिल टेकवायची नाही. या उलट्या क्रमाबद्दल इथेही तक्रार आहेच. बोखुममध्ये 2004 साली एका गणिताच्या प्राध्यापकाच्या पुढाकाराने संस्था निघाली. तिचं नाव ‘त्स्वान्त्सिश-आइन्स’, म्हणजे शब्दशः वीस-एक! नॉर्वेने तर संसदेच्या ठरावाने 1951पासून दशक आधी म्हणायची पद्धत आणली. टेलिफोनचे नंबर सांगताना होणारा घोटाळा हे त्यामागचं मोठं कारण. तरी जुनी पद्धत तिथे अजून कानावर पडते.

घरी मराठी आकडे शिकवायला घेतले तेव्हा क्रमाने काही अडलं नाही. चोवीसमध्ये चार आधी, जर्मनमध्येही चार आधी. अडलं ते पुढे. जर्मन ‘द्राय’ विसात, साठात, नव्वदात ‘द्राय’च राहतो. आपला तीन मात्र तेवीस, तेहेतीस, त्रेचाळीस, त्रेपन्न, त्र्याहत्तर, त्र्याण्णव असा रूप पालटत राहतो. शिवाय एकोणसत्तरमध्ये सत्तर ऐकू येतात आणि लिहायचे असतात साठ नि नऊ. बालभारतीच्या गणित मंडळाच्या तेव्हाच्या अध्यक्ष मंगला नारळीकर जोडाक्षरांची अडचण तेव्हा सांगत होत्या. मी ते ऐकून घेतलं नव्हतं. लेकीला ‘साठ तीन, म्हणजेच त्रेसष्ट’ असं म्हणून दाखवलं तेव्हा तिचा चेहरा खुलला, आणि माझं मत बदललं.

पण ‘साठ तीन’वर थांबायला माझा ठाम विरोध आहे. ती पायरी आहे, घर नव्हे. जुन्या शब्दांत हिशेबाची किती समज साठली आहे, हे मला इथल्या घड्याळाने दाखवलं. अडीच वाजले की जर्मन माणूस म्हणतो ‘हाल्प द्राय’, म्हणजे अर्धा तिसरा. आपला ‘अडीच’ही संस्कृत ‘अर्धतृतीय’वरूनच आलाय: दोन पुरे, तिसरा अर्धा. श्टुटगार्टकडे पावणेतीनला ‘द्राय-फिअर्टल द्राय’ म्हणतात, तिसऱ्याचे तीन पाव. दीडला ‘आन्डर्टहाल्प’ असा स्वतंत्र शब्द आहे. हे कळल्यावर सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी (म्हणजे सव्वा, दीड, अडीच, साडेतीनचे पाढे) पाठ असलेल्या माझ्या आजीची फार आठवण आली.

खरी भीती वेगळीच आहे. गेल्या खेपेला पुण्यात भाजी घेताना मी “त्रेसष्ट ना?” विचारलं, तर गाड्यावरचा मुलगा म्हणाला, “म्हणजे सिक्स्टी थ्री?” हा मराठीतच वाढलेला मुलगा. पुस्तकात काय छापलंय यावर आपण भांडलो. हे शब्द मोठ्यांच्या तोंडून आणि हातून किती निघतात, यावर नाही. पावतीवरची ‘अक्षरी रुपये’ ही ओळ बहुतेक जण कोरी सोडतात किंवा इंग्रजीत भरतात. आणि अक्षरांना केवढं वजन आहे! चेकवर आकडा आणि अक्षरं जुळली नाहीत, तर 1881च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम 18 प्रमाणे अक्षरी रक्कम खरी धरली जाते. माझ्या वडिलांनी मराठीत लिहिलेला चेक एका बँकेच्या खिडकीवर “इंग्लिशमध्ये भरून आणा” म्हणून परत दिला गेला. रिझर्व्ह बँकेच्या नोटेवर ‘पाचशे रुपये’ मराठीत छापलेलं असतं, आणि खिडकीवर ते चालत नाही, याचा मला आजही राग येतो.

इथल्या गणपतीच्या वर्गणीची पावती पुस्तकं यंदा आमच्याकडे होती. आकड्याचा रकाना मी भरायचा आणि अक्षरी लेकीने, असं ठरलं. एकोणसत्तरपाशी तिने पेन उचलून विचारलं, “साठ नऊ ना?” मी हो म्हटलं. मग तिने सावकाश लिहिलं: एकोणसत्तर युरो फक्त.