काजू बी मार्चात येते, नियम कधीही बदलतात

सिंधुदुर्गातला छोटा काजू कारखाना कसा चालतो ते बाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून आधी तेच सांगतो. बी येते मार्च ते मे. वर्षभर बॉयलर पेटता ठेवायचा आणि सोलायला येणाऱ्या बायकांना काम द्यायचं तर याच तीन महिन्यांत बँकेची सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलाचं कर्ज) उचलून गोडाऊन भरावं लागतं, म्हणजे दिवाळीला गर काय भावाने जाईल ते एप्रिलमध्येच धरून चालायचं.

आता बघा, फेब्रुवारी २०१६ च्या बजेटमध्ये बाहेरून येणाऱ्या कच्च्या काजूवर शून्याची ५ टक्के ड्युटी झाली, नोव्हेंबरात नोटबंदी, जुलै २०१७ ला जीएसटी, आणि २०१८ च्या बजेटमध्ये तीच ड्युटी अडीच टक्के. दोन वर्षांत चार वेळा हिशोब नव्याने मांडायचा! बागायतदाराला ड्युटी जास्त हवी कारण आफ्रिकेची बी आली की इथला भाव पडतो, कारखानदाराला कमी हवी कारण इथली बी पुरत नाही. मी बागायतदाराच्या बाजूचा आहे, पण माझं भांडण टक्क्यांशी नाहीच, आकडा कुठलाही ठेवा पण तो टिकणार हे कळलं तर दोघंही आपापलं गणित बसवतील.

बेकर, ब्लूम आणि डेव्हिस या अर्थतज्ज्ञांनी पेपरांतल्या बातम्या मोजून धोरणांतल्या अनिश्चिततेचा निर्देशांक काढला, ती वाढली की कंपन्या गुंतवणूक आणि नोकरभरती आखडती घेतात असं त्यांना दिसलं. मोठी कंपनी थांबू शकते हो. आमच्याकडे बी थांबत नाही, कर्जाला घर-जमीन तारण आहे आणि ९० दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज.

२०२५ च्या ऐन हंगामात, २ एप्रिलला अमेरिकेने भारतावर २६ टक्के टॅरिफ जाहीर केलं, आठवड्याभरात ते ९० दिवस पुढे ढकललं, आणि ऑगस्टअखेर ५० टक्के. आपला बराचसा काजू देशातच खपतो हे खरं, पण बाहेर जाणारा माल अडला की तो इथल्याच बाजारात उतरतो आणि भाव आमचा पडतो.

आणि हे काजूपुरतं नाही. राजापूर तालुक्यातल्या नाणारला तेलाची रिफायनरी येणार म्हणाले, २०१९ ला भूसंपादन रद्द, मग त्याच तालुक्यातल्या बारसूचं नाव. प्रकल्प हवा की नको हा वाद वेगळा (तो इथे नको), पण कलम लावल्यावर उत्पन्नाला तीन-चार वर्षं लागतात, मग राजापूरच्या माणसाने इतकी वर्षं जमिनीत पैसा घालायचा की नाही?

अनुदानासाठी आमदार-खासदारांकडे खूप निवेदनं जातात. या वेळी एक वेगळं देऊया. काजूची ड्युटी बदलायची तर दिवाळीच्या आत जाहीर करा, मार्चपासून लावा आणि निदान पाच वर्षं तिला हात लावू नका. मसुदा मी लिहायला घेतलाय, बागायतदार आणि कारखानदार दोघांनाही सही करता येईल असाच. वाचून दुरुस्त्या सुचवणार असाल तर इनबॉक्समध्ये सांगा, पाठवतो.