षटकोनी बांबूची रॉड आणि लॉटरी

अमेरिकेतल्या मराठी मंडळींत एक निरोप फिरतोय. "यार्ड सेलमध्ये षटकोनी बांबूची जुनी फ्लाय रॉड दिसली तर सोडू नका. षटकोनी म्हणजे हाताने बनवलेली, म्हणजे लॉटरी! अडकलेला सांधा पिळून काढा, पॉलिश पेपरने घासा, जवसाचं तेल मुरवा, वर नवं वार्निश. किंमत दुप्पट."

फ्लाय रॉड म्हणजे कृत्रिम माशीचा गळ टाकून मासे धरायची लवचिक काठी. ती दोन-तीन तुकड्यांची असते आणि तुकडे धातूच्या सांध्याने जोडतात. मी अशा काठ्या हौसेने दुरुस्त करतो. या निरोपातली एवढीच गोष्ट मला मान्य आहे की काठी षटकोनी असते.

त्रिकोणी छेदाच्या सहा कामट्या एकमेकींना चिकटवल्या की षटकोन होणारच, मग त्या रंध्याने तासा नाहीतर यंत्रावर कापा. मॅसॅच्युसेट्सची माँटेग्यू, न्यूयॉर्क राज्यातल्या यूटिकाची हॉरॉक्स-इबॉटसन, इंडियानाची साउथ बेंड या कारखान्यांनी अशा काठ्या ढिगाने काढल्या, आणि यार्ड सेलमध्ये बहुधा त्याच हाती लागतात. गंमत म्हणजे ज्याच्या नावावर संग्राहक जीव टाकतात, तो एकोणिसाव्या शतकातला कारागीर हायरम लेनर्डही कामट्या यंत्रावरच कापायचा. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैनिकांनी जपानहून आणलेले, लाकडी पेटीतले संचही षटकोनीच. पेटी देखणी असते. पैसे फारसे येत नाहीत.

ओळख पटवायची तर आधी सांध्याचा धातू बघा. चांगल्या काठीला जर्मन सिल्व्हर, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू असतो. स्वस्त काठीला निकेलचा मुलामा दिलेलं पितळ, ते झिजलेल्या जागी पिवळं डोकावतं. मग टेप घ्या. काठीचे तुकडे सहसा सारख्या लांबीचे असतात. शेंड्याचा तुकडा दोन-तीन इंच आखूड भरला तर टोक कधीतरी मोडलंय, आणि किंमत तिथेच कोसळते. गळाची दोरी ज्यातून जाते त्या कड्या रेशमी दोरा गुंडाळून बसवतात; या कड्यांच्या मधल्या जागेतही थोड्या थोड्या अंतरावर रेशमाचे पट्टे असतील तर काठी बरीच जुनी असू शकते. त्यातच बांबूवर भाजल्याचे काळे डाग दिसले तर तो 'कलकत्ता केन' असण्याची शक्यता आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकी कारागीर आपल्याकडचा बांबू वापरायचे, तो कलकत्ता बंदरातून जायचा. पुढे 'टोंकिन' बांबूने त्याची जागा घेतली. नाव व्हिएतनामकडचं, पण येतो चीनच्या ग्वांगदोंगमधून.

आता तो पॉलिश पेपर. बांबूची ताकद सालीलगत असते, हे आपल्याकडच्या बुरुडाला कुणी शिकवावं लागत नाही. तिथे तंतू दाट असतात, पोटाकडे विरळ होत जातात. म्हणून कामटी तासणारा आतल्या दोन बाजू तासतो आणि सालीच्या बाजूचे तंतू जिवापाड जपतो. शेंड्याला काठी जेमतेम दोन मिलिमीटर जाड असते. तिथे सहाही बाजूंनी घासलं की जे गेलं ते कोणत्याही वार्निशने परत येत नाही. काठी चकचकीत होते आणि लुळी पडते. शिवाय मॉडेलचा आकडा किंवा कंपनीचं चित्र बहुतेकदा मुठीच्या जरा वर, वार्निशखाली असतं. ते पुसलं की काठी निनावी.

जवसाचं तेल चिकट राहतं, आणि तेलकट बांबूवर वार्निश नीट धरत नाही. बॅटला लावतात म्हणून इथेही लावायचं, असं नाही.

सांधा पिळणं तर सगळ्यात वाईट. जुन्या काठ्या सरसाने (जनावरांच्या कातड्या-हाडांपासूनच्या डिंकाने) चिकटवलेल्या असतात, आणि पिळलं की कामट्या त्या चिकटवलेल्या रेषेवरच सुटतात. दोन्ही हात सांध्याजवळ धरून सरळ ओढा. नाही निघाला तर धातूला बर्फ लावून पुन्हा बघा.

करण्यासारखं काम त्यामानाने थोडंच. वार्निश धड असेल तर हात लावू नका. सुटलेल्या रेशमी गुंडाळ्या काढून रेशमानेच पुन्हा गुंडाळा. फक्त वार्निश मुरलं की रेशीम अर्धपारदर्शक होतं आणि रंग गडद दिसायला लागतो, म्हणून दोरा आधी एखाद्या पेन्सिलीवर गुंडाळून, वार्निश लावून, सुकवून बघा.