पटाचा फोटो: शिकलेलं कोणतं, उचललेलं कोणतं

तळेगाव दशासर असो की कुठलं आडगाव, शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, झाला की फेसबुकवर एकसारखे फोटो येतात आणि 'माझी कॉपी मारली' म्हणून भांडणं लागतात. यातली निम्मी भांडणं फुकाची असतात.

पॅनिंग, म्हणजे धावत्या जोडीसोबत कॅमेरा वळवत फोटो काढणं, कुणाच्या मालकीचं नाही. शटरचा वेग १/३० सेकंद, आयएसओ (प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) १००. भर उन्हात एवढ्यावर लेन्सचं छिद्र एफ/२९ इतकं बारीक करावं लागतं, डिफ्रॅक्शननं (बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्यानं) फोटो मऊ पडतो आणि सेन्सरवर बसलेल्या धुळीचा ठिपका न ठिपका आकाशात उमटतो. म्हणून तीन स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश आठपट कमी करणारी काळसर काच, लावा, एफ/१० वर काम भागतं. पाय रोवून कमरेतून वळा. फोकस धुरकऱ्यावर (जोडी हाकणाऱ्यावर), तोही जोडी समोर यायच्या आधीपासून. शटर पडल्यावरही वळत राहा, बहुतेकांचं इथंच बिघडतं. बैलांच्या माना हलतातच आणि पुसट येतात, म्हणून नवीन पोट्ट्यांनी १/६० वर सुरुवात करावी. आवडलेल्या फोटोतली सावली पाहून सूर्य कुठं होता, कॅमेरा किती उंचीवर होता हे ताडून पाहणं, तसं करून बघणं, यात चोरी कसली?

पण समजा कुणी शेवटच्या रेषेजवळ जमिनीला टेकून वाइड लेन्स लावली, चारही खूर अधांतरी असतानाचा क्षण धरला, बाकी कृष्णधवल करून धुरकऱ्याचं पागोटं तेवढं लाल ठेवलं. (मला हा प्रकार बटबटीत वाटतो, ते असो.) दुसऱ्या गावच्या पटात तुम्ही हे सगळंच्या सगळं पुन्हा केलं, तर बोट तुमचं, डोकं त्याचं. करड्या लंडनमधल्या लाल बसच्या चित्रावरून इंग्लंडमध्ये खटला झाला होता. चहा विकणाऱ्या कंपनीनं मूळ फोटोचा तुकडाही न वापरता आपलं चित्र नव्यानं तयार केलं होतं. तरी २०१२ साली कोर्टानं ती नक्कल ठरवली. तो निकाल आपल्याला लागू नाही. पण आपल्याही सुप्रीम कोर्टानं १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात कल्पना मोकळी आणि मांडणी राखीव असाच फरक केला आहे. शिवाय अशा फोटोच्या नादात पोट्टे धावेत, म्हणजे जोड्या पळायच्या वाटेत, जाऊन बसतात. सुटलेली जोडी कुणासाठी थांबत नाही.

मांडणी उचलली असेल तर फोटोखाली मूळ माणसाचं नाव लिहा, विकायचा असेल तर आधी विचारा. स्पर्धेला तर पाठवूच नका.

आणि दुसऱ्यानं काढलेला लग्नाचा अल्बम आपला नमुना म्हणून दाखवणं ही नक्कल नव्हेच, ती फसवणूक. १९५७ च्या कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर, पैसे देऊन काढवून घेतलेल्या फोटोचा कॉपीराइट पैसे देणाऱ्या कुटुंबाचा असतो. मात्र 'हा फोटो मी काढला' म्हणायचा हक्क काढणाऱ्याकडेच राहतो.