प्रतिक्रियेला उत्तर: आकडे हाताशी असताना संग्रहालयात जायचं कशाला?

नमस्कार. ऑडिओ गाईड बनवणाऱ्याने संग्रहालयात स्वतः जाऊन यावं, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. कुठला स्टॉप, म्हणजे एकेका वस्तूपाशी ऐकायचा निवेदनाचा तुकडा, किती जणांनी अर्धवट सोडला हे ऑडिओ गाईडचं ॲप सांगतंच. जाण्यायेण्याचा खर्च शेवटी त्या संग्रहालयाच्याच माथी पडतो. आणि कुणीतरी बघतंय म्हटल्यावर माणसं वेगळी वागतात, मग त्या निरीक्षणाला अर्थ काय? तिसरा मुद्दा खरोखर विचार करायला लावणारा आहे, त्याकडे येतोच.

आकडे मीही बघतो आणि निघण्याआधीच बघतो. पण ॲपला दिसतो तो फक्त बटण दाबणारा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात निमरूदच्या राजवाड्यातले असिरियन शिल्पपट आहेत. अशा दालनात सुट्टीच्या दिवशी जरा वेळ उभे राहा. घरचे पाच जण आणि कानाला लावलेला फोन एकच. बाबा ऐकतात, मध्येच थांबवतात आणि बाकीच्यांना सांगतात, ‘हे म्हणे इराकमधून आलंय, राजाच्या महालातलं.’ आजी विचारतात, ‘कुठला राजा?’ बाबा पुन्हा मागे जाऊन ऐकतात, तोवर धाकटा पुढच्या दालनात पळालेला असतो. तक्त्यात नोंद होते ती अशी: श्रोता एक, स्टॉप अर्धवट. खरं तर त्या स्टॉपचं याहून चांगलं काय व्हायला हवं होतं? हे पाहिल्यापासून माझं लिखाण बदललं. ऐकणारा दुसऱ्याला सांगणार आहे असं धरूनच लिहितो. राजाचं नाव आणि गाव पहिल्या दोन वाक्यांत, शैलीबिली नंतर.

दुसरा प्रकार तिकीट खिडकीवरचा. ऑडिओ गाईडचं यंत्र भाड्याने घ्यायचं तर ओळखपत्र ठेवून जा, अशी पाटी असते. आधार कार्ड परक्याच्या खणात ठेवायला लोक राजी नसतात आणि ते बरोबरच आहे. आकडे फक्त ‘मागणी कमी’ एवढंच म्हणतात. मग ऑफिसात बसून आपण निवेदकाचा आवाज बदलायच्या गोष्टी करतो.

इतिहासातलं एक उदाहरण देतो, मला ते फार आवडतं. 1952 साली ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात रेडिओवरून निवेदन ऐकवण्याची सोय झाली. सगळ्यांच्या कानात एकाच वेळी एकच वाक्य, त्यामुळे सगळा घोळका एकाच वेळी पुढच्या चित्राकडे सरकायचा. आज ते हास्यास्पद वाटतं, पण प्रेक्षक या क्षणी कुठे उभा आहे हे बोलणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं! आता प्रत्येक जण आपापल्या चालीने फिरतो. ते चांगलंच झालं, पण ती खात्री गेली. अमेरिकेतल्या अल्कट्राझ बेटावरच्या जुन्या तुरुंगातली ध्वनिफेरी इतकी नावाजली जाते ती तिथल्या जुन्या पहारेकऱ्यांच्या आणि कैद्यांच्या खऱ्या आवाजांमुळे, हे तर आहेच. पण इथून पुढे चला, इथे वळा, वर बघा, या सूचना गोष्टीतच विणलेल्या आहेत. माणसाच्या पावलांशी जुळणारं असं निवेदन नकाशावरून लिहून दाखवा, मी प्रवास बंद करतो.

आता खर्च. हो, तो संग्रहालयावरच पडतो, लपवण्यासारखं काही नाही. पण एका वाड्यातल्या छोट्या संग्रहालयात पावसाळ्यात पुढच्या दाराशी पाणी साचतं, म्हणून लोकांना मागच्या दाराने आत घेतात. म्हणजे चार महिने ‘तुमच्या डावीकडे’ म्हटलं की उजवीकडे बघायचं. संहिता कच्ची असतानाच तिथे गेलो म्हणून हे कळलं. ध्वनिमुद्रणानंतर कळलं असतं तर त्या एका शब्दासाठी मराठी, हिंदी, इंग्रजी असे तिन्ही निवेदक पुन्हा स्टुडिओत. एसटीचं तिकीट त्यापुढे काहीच नाही. दर महिन्याला जा, असं मात्र मी कुठेच म्हटलेलं नाही. लिहिताना एकदा आणि लोक वापरायला लागल्यावर एकदा, एवढं बहुतेक ठिकाणी पुरतं.

बघितलं की माणसं वेगळी वागतात, हे मान्य. वही-पेन घेऊन कुणाच्या मागे फिरलात तर ते तुम्हाला दाखवायला म्हणून शेवटपर्यंत ऐकतात. म्हणून मी प्रेक्षकांना विचारतच नाही, दालनातल्या गार्डना आणि झाडलोट करणाऱ्या मावशींना विचारतो. ते तिथे रोजचेच, त्यांच्यासमोर कुणी शहाण्यासारखं वागत नाही. शस्त्रांच्या दालनातल्या एका गार्डने सांगितलं, ‘साहेब, तलवारीपाशी सगळे एकच विचारतात, वजन किती?’ आमच्या मजकुरात मुठीवरची नक्षी होती, पोलादाची जात होती, वजन नव्हतं. क्युरेटर बाईंना विचारलं तर त्यांच्या नोंदवहीत ते होतंच. कुणी मागितलं नव्हतं इतकंच. आता स्टॉपची सुरुवातच वजनापासून आहे.

तुमच्या बोलण्यावरून तुम्ही याच क्षेत्रातले दिसता, म्हणून एक विचारतो. ‘थांबवलं’ आणि ‘सोडून दिलं’ यांची नोंद तुमच्या ॲपमध्ये वेगवेगळी होते का? आमच्याकडे दोन्ही एकाच रकान्यात पडतात. तुम्ही ते कसं सोडवलंत, जरूर कळवा.