ट्रॅक्टरचा बाप्तिस्मा होत नाही

कापूस वेचणीला लागला की ही पोस्ट गावागावांतल्या ग्रुपवर पुन्हा फिरू लागते: 'पोपने समलिंगी विवाहाला मान्यता दिली. पोपचा शब्द चुकत नाही, म्हणून कॅथलिकांना ते मानावंच लागेल. शेवटी चर्चनेही काळापुढे हात टेकले.' यंदा टपरीवर काकाजींनी विचारलंच, "काय जी, तुमच्या पोपनं त पोरापोराईचे लग्न लावून देल्ले म्हन्ते?"

नाही जी, नाही लावले.

१८ डिसेंबर २०२३ला व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धांत विभागाने पोप फ्रान्सिस यांच्या मंजुरीने एक घोषणापत्र काढलं. लग्न म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री यांचं न तुटणारं, मुलाबाळांसाठी खुलं नातं, हे त्यात सुरुवातीलाच आहे. समलिंगी जोडपं आशीर्वाद मागायला आलं तर फादर साधी प्रार्थना करू शकतात. पण ठरलेला विधी नाही, नागरी विवाहाच्या वेळी नाही, लग्नाचे कपडे नाहीत, लग्नातले शब्दही नाहीत. ४ जानेवारी २०२४च्या खुलाशात तर वेळही सांगितली: १०-१५ सेकंद. एवढ्यात आपल्याकडे एक मंगलाष्टक होत नाही.

आशीर्वाद वेगळा, लग्न किंवा बाप्तिस्म्यासारखा संस्कार वेगळा. नव्या ट्रॅक्टरवर फादर पवित्र पाणी शिंपडतात, म्हणून ट्रॅक्टरचा बाप्तिस्मा झाला असं कोणी म्हणत नाही.

तरी मला ते पत्र आवडलं नाही, हे लपवत नाही. याच विभागाने २०२१ मध्ये असे आशीर्वाद देता येत नाहीत, असं स्पष्ट सांगितलं होतं. पावणेतीन वर्षांत भाषा सैल झाली आणि बातमीवाल्यांना आयतं कुरण मिळालं. हे पहिल्यांदा नाही. २०१३ मध्ये विमानात फ्रान्सिस म्हणाले होते की समलिंगी माणूस सद्भावनेने देवाला शोधत असेल तर न्याय करणारा मी कोण. जगभर फिरलं ते फक्त शेवटचं अर्धं वाक्य.

राहिला 'पोप चुकत नाही' हा मुद्दा. १८७०च्या व्हॅटिकन परिषदेने ते फक्त एका गोष्टीपुरतं म्हटलंय: पोप सगळ्या चर्चसाठी श्रद्धेची किंवा नीतीची शिकवण अधिकृतपणे, कायमची ठरवून देतात तेव्हा. त्यानंतर तसं उघडपणे घडलं एकदाच, १९५० मध्ये, मरियामाता सदेह स्वर्गात घेतली गेली या शिकवणीसाठी. तोच आपला १५ ऑगस्टचा सण. २०२३चं पत्र त्यात बसतच नाही. आफ्रिकेतल्या बिशपांनी तर रोमशी बोलूनच जाहीर केलं की आमच्याकडे हे आशीर्वाद होणार नाहीत. त्यांना कोणी धर्माबाहेर काढलं नाही.

आणि टिंगल म्हणून ही पोस्ट ढकलणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं: समलिंगी माणसाशी आदराने वागा, अन्यायाने भेदभाव करू नका, हेही चर्चच्याच धर्मशिक्षणात लिहिलंय. लग्नाचा अर्थ त्याने बदलत नाही.

काकाजींनी सगळं ऐकलं, कप खाली ठेवला. "मंग आमच्या ट्रॅक्टरले बी पानी मारतीन का तुमचे फादर?"

रविवारी विचारतो म्हटलं.