काळ्या मातीत वाळू? आधी ब्रासचा हिशोब करा

पाऊस लागला की आमच्या धायरीच्या सोसायटीच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरून येतो : ‘बागेत पाणी साचतंय? काळी माती फूटभर खणून वाळू मिसळा, झाडाच्या खड्ड्यात तळाला विटांचे तुकडे भरा, वरून जिप्सम टाका. पंधरा दिवसांत माती भुसभुशीत!’ खाली अंगठ्यांची रांग. यातलं एकूण एक मी पदरमोड करून केलंय, म्हणून लिहितो.

आधी वाळू. १० बाय १० फुटांचा वाफा फूटभर खणला की १०० घनफूट, म्हणजे बरोबर एक ब्रास माती. वाळूने काही फरक पडायचा तर ती निदान निम्मी हवी. अर्धा ब्रास वाळू आत, तेवढीच माती बाहेर. मी टाकली होती सहा घमेली. चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरहून बारीक; वाळूच्या दाण्यांमधल्या फटी तोच लिंपून टाकतो. त्यात हल्ली टेम्पोवाला आणतो ती नदीची वाळू नसतेच, क्रशरची असते, दगडाच्या भुकटीसकट. पुढच्या मे महिन्यात त्या वाफ्यात कुदळ मारली तर ठण्ण आवाज आला. असलं मिश्रण भिंत लिंपायला बरं.

या मातीचा स्वभावही वेगळा. उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडतात, वळवाचं पाणी त्यातून गटागटा आत जातं. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि जुलैत पाणी वर तरंगत राहतं.

विटांच्या तुकड्यांनी तर माझं लिंबाचं झाड घालवलं. भांडी घासायचा स्पंज चिंब भिजवून आडवा धरा. ठिबकणं थांबलं की तोच उभा करा, खालून पुन्हा पाणी गळू लागेल. कुंडीत, खड्ड्यात हेच होतं : मातीच्या थराच्या तळाशी पाणी धरून राहतं, आणि खाली मोठी पोकळी असली तरी वरची माती पुरती भरल्याशिवाय ते तिच्यात उतरत नाही. तुकडे भरून तुम्ही मातीची उंची तेवढी कमी करता, म्हणजे ओला थर मुळांच्या आणखी जवळ येतो. शिवाय चहूबाजूंनी फुगलेली चिकणमाती असल्यावर खड्डा म्हणजे हौदच. ऑगस्टमध्ये पानं पिवळी पडली, बुंध्यावर डिंक ओघळला. डिंक्या रोग!

खडी उपयोगी पडते ती चरात, कारण चराला उतार असतो आणि पाणी बाहेर पडायला तोंड असतं. १०० फुटांना एक फूट उतार पुरतो. तोंड मात्र पावसाळी गटाराकडे काढा, शेजारच्या कंपाउंडकडे नको. (भांडण कसं पेटतं ते विचारू नका.)

जिप्सम हे खरं औषध आहे, पण चोपण जमिनीचं, म्हणजे सोडियम साचलेल्या जमिनीचं. तिथे त्यातलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं आणि सुटलेला सोडियम पाण्याबरोबर धुऊन जावा लागतो. म्हणजे निचरा तिथेही हवाच! आपली काळी माती बेसाल्टची, कॅल्शियम तिच्यात मुळातच भरपूर. खणताना चुनखडीचे पांढरे खडे लागतात ते उगाच नाही. माती परीक्षणात सोडियम जास्त आला तरच पोतं आणा.

आणि पंधरा दिवस? शेणखत आणि पालापाचोळा दरवर्षी घालत राहिलो, तिसऱ्या पावसाळ्यानंतर हाताला फरक जाणवला. त्याआधी एक सवय सोडावी लागली, ओल्या मातीत फावडं घालायची. वाफसा येईपर्यंत, म्हणजे जादा पाणी उतरून माती खणण्याजोगी होईपर्यंत थांबायचं. मूठभर मातीचा लाडू वळा. बोटाने टोचल्यावर फुटला तर खणा, नुसता चपटा झाला तर घरात जाऊन चहा प्या.

दोष नेहमी मातीचाच असतो असंही नाही. फूटभर खड्डा पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि तासाने मोजा. आमच्याकडे इंचभरही उतरलं नव्हतं. अजून खणलं तर बांधकामाचा राडारोडा निघाला, वरून जेसीबीने दाबून बसवलेला. तो फोडून काढल्यावर खाली मुरूम लागला आणि पाणी वाटेला लागलं.

नवं लिंबू आता फूटभर उंच गादीवाफ्यावर लावलंय, खड्ड्यात नाही. जुन्या खड्ड्यातले विटांचे तुकडे काढून नळाकडे जाणाऱ्या पायवाटेवर टाकले. तिथे छान बसलेत.