अर्तुकी नाण्यांवरचे ग्रीक-रोमन चेहरे: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

बाराव्या-तेराव्या शतकांत आजच्या आग्नेय तुर्कस्तान आणि उत्तर इराकच्या भागात राज्य करणाऱ्या अर्तुकी आणि झंगी या तुर्की मुस्लिम घराण्यांच्या तांब्याच्या नाण्यांवरील माझ्या लेखाबद्दल आपण दोन आक्षेप घेतले आहेत: ठसे कोरणाऱ्यांनी हाती लागलेल्या जुन्या नाण्यांची अर्थ न कळता नक्कल केली, आणि तिला मी ‘अभिजात कलेचे पुनरुज्जीवन’ म्हटले ही अतिशयोक्ती झाली. दुसरा आक्षेप मान्य आहे. तो शब्द मी लेखातून काढला आहे. पहिला मात्र मला पटत नाही.

मोसुलचा झंगी राजा सैफुद्दीन गाझी दुसरा (कारकीर्द ११७०–११८०) याचे नाणे पाहा. त्यावरील शिरस्त्राण घातलेला, डावीकडे पाहणारा चेहरा रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या नाण्यावरून घेतलेला आहे. मूळ नाणे बरेच लहान असल्यामुळे त्याचा नुसता साचा काढून भागण्यासारखे नव्हते. कारागिराला चित्र मोठे करून नव्याने कोरावे लागले, आणि ते करताना त्याने लॅटिन अक्षरे वगळून मागील बाजूस वाचता येईल असा अरबी लेख घातला. आंधळी नक्कल कशी असते ते आपल्याकडच्या मध्ययुगीन गधैया नाण्यांवर दिसते: इराणच्या सासानी राजाचा चेहरा आणि अग्निवेदी यांचे तेथे पिढ्यानपिढ्यांच्या नकलेत शेवटी ठिपके आणि रेघाच उरल्या.

मार्दीनचा अर्तुकी राजा तिमुरताश याच्या नाण्यावरील चेहरा सीरियातील ग्रीक सेल्युकी घराण्याचा राजा अँटिओकस सातवा याच्या नाण्याशी जुळतो. बायझंटाइन (पूर्व रोमन) नाण्यांवरची चित्रे रोजच्या चलनातून ओळखीची होती असे म्हणता येते. तिमुरताशच्याही सुमारे तेराशे वर्षे आधीच्या नाण्याबाबत ते म्हणता येत नाही. येथे मात्र आपले म्हणणे बरेचसे खरे असावे. तो अँटिओकस आहे हे कारागिराला ठाऊक असेल असे मला वाटत नाही. चेहरा राजाचा आहे, एवढे त्याला पुरले.

पण त्याच मार्दीनच्या अर्तुक अर्सलानचे हिजरी ५९९ (इ.स. १२०२–०३) मधील नाणे घ्या. ग्रीकांचा अर्धा माणूस, अर्धा घोडा असा धनुर्धारी मागे वळून आपल्याच शेपटीच्या टोकाशी असलेल्या नागाच्या तोंडावर बाण रोखतो आहे. हा धनू राशीचा धनुर्धर, आणि तो नाग म्हणजे अरबी ज्योतिषातील जौझहर, आपले राहू-केतू. हे चित्र जुळवणाऱ्याला आपण काय कोरतो आहोत ते नेमके कळत होते. लेखातील छायाचित्र फार लहान होते, त्यात शेपटीचे टोक दिसतच नव्हते. आता मोठे लावले आहे.